करंगळीवरचं ‘जैसे थे’

पुतण्याने गिटार माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, “काका, पहिलं बोट इथे, सगळ्यात जाड तारेवर, पाचव्या फ्रेटला. अनामिका शेजारच्या तारेवर, सातव्याला. ही दोन्ही जागची हलवायची नाहीत. आता करंगळी नवव्याला टाका. उचला. टाका. उचला. उजव्या हाताने फक्त खालच्या दिशेने मारायचं, वर नाही. झालं, आलं तुम्हाला.”

आलं नाही. दोन मिनिटांत मनगट भरून आलं आणि तिसऱ्या मिनिटाला करंगळीने साफ नकार दिला. पण तेवढ्यात कानाला जे कळायचं ते कळलं. आपल्या हिशोबाने सांगायचं तर खाली सा कायम धरलेला, त्याच्यावर करंगळी उचलली की प, टेकली की ध. सा-प, सा-ध, सा-प, सा-ध. हाच मामला थोडा वेळ मध्यमावर न्यायचा, थोडा वेळ पंचमावर आणि परत घरी यायचं. बारा मापांचा एक फेरा, तीन मुक्काम. अमेरिकेतले काळे पियानोवादक हे डाव्या हाताने वाजवत, त्याला बुगी-वुगी म्हणत. चक बेरीने ते गिटारवर गाजवलं. आणि ब्रिटनमधल्या एका बँडने त्याच्यावर साठ वर्षं संसार केला.

कृष्णाने गोवर्धन करंगळीवर उचलला खरा, पण गोपांनीही खालून आपापल्या काठ्या लावल्या होत्या, असं आपण लहानपणी ऐकलेलं असतं. या बँडच्या डोंगराखाली कोणाच्या काठ्या होत्या, कोणी कधी काढून घेतल्या, आणि त्या काढल्यावरही डोंगर वर कसा राहिला, याचा शोध घ्यावा असं त्या दुपारी दुखरं मनगट चोळताना वाटलं.

बँडचं नाव स्टेटस क्वो. कोर्टाच्या बातम्या वाचणाऱ्या मराठी माणसाला त्याचं भाषांतर तोंडपाठ आहे: ‘जैसे थे’. पुढे हे नाव खरोखरच कोर्टात गेलं. तिथवर येऊच.

सुरुवात १९६२ ची, दक्षिण लंडनमधल्या कॅटफर्डची. सेजहिल नावाच्या शाळेच्या वाद्यवृंदात दोन पोरांची गट्टी जमली. फ्रान्सिस रॉसी आणि ॲलन लँकेस्टर. रॉसीचं घराणं इटलीहून आलेल्या आइस्क्रीमवाल्यांचं. दक्षिण लंडनच्या गल्ल्यांतून गाड्या फिरायच्या त्यांच्या. लँकेस्टर अंगाने आडवा, स्वभावाने ताठ. दोघांनी आणखी दोन वर्गमित्र जमवून बँड काढला. नाव आधी स्कॉर्पियन्स, मग स्पेक्टर्स. जॉन कॉगलन हा ड्रमवाला लवकरच येऊन मिळाला. तो हवाईदलाच्या विद्यार्थी पथकात होता आणि ही मंडळी त्यांच्या शेजारीच तालीम करत.

१९६५ च्या उन्हाळ्यात त्यांना माइनहेडच्या बटलिन्समध्ये काम मिळालं. बटलिन्स म्हणजे कारखान्यातल्या कामगारांनी आठवडाभर बायकापोरांना घेऊन राहायची समुद्रकाठची वसाहत. राहणं, जेवण, पोहणं, संध्याकाळी करमणूक, सगळं एका पावतीत. तिथेच दुसऱ्या एका कार्यक्रमात रिकी हॅरिसन नावाचा सोनेरी केसांचा मुलगा दोन जुळ्या बहिणींच्या मधोमध उभा राहून गोडगोड गाणी म्हणत असे. खरं नाव रिक पार्फिट. रॉसीचं आणि त्याचं जमलं ते तिथे, आणि १९६७ मध्ये तो बँडमध्ये आला. पुढे डेनिमची मळकी जीन्स घालून पाय फाकून उभा राहणारा आणि अख्ख्या रॉक संगीतातल्या सर्वात तगड्या उजव्या हातांपैकी एकाचा मालक असलेला हा गडी मुळात हॉलिडे कॅम्पातला गोंडस गायक होता, हे लक्षात ठेवायला हवं. कारण रॉसी आणि पार्फिट या जोडीला लोकांना खूश करून घरी पाठवायचं बाळकडू तिथे मिळालं. लँकेस्टरही तिथेच होता, पण त्याला ते पचलं नाही. पुढच्या सगळ्या भांडणांचं बी मला तरी तिथेच दिसतं.

तोवर नाव पुन्हा बदललं होतं: ट्रॅफिक जॅम. पण ट्रॅफिक नावाचा दुसरा बँड गाजायला लागला, म्हणून पाटी पुन्हा उतरवली आणि नवी लावली. ‘जैसे थे’ हे नाव या मंडळींना मिळालं ते असं, चौथ्या खेपेला.

आणि या नावाने आलेलं पहिलंच गाणं चाललं. ‘पिक्चर्स ऑफ मॅचस्टिक मेन’, जानेवारी १९६८. आज ते ऐकलं तर त्यात बुगीचा मागमूस नाही. गिटारची एक वळसे घेणारी सुरावट, धुरात गेल्यासारखा आवाज, त्या काळच्या सायकेडेलिक फॅशनची सगळी सजावट. मुळात ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायचं ठरलं होतं. शेवटच्या घडीला बाजू उलटली. ब्रिटनमध्ये सातवा क्रमांक, अमेरिकेत बारावा. बँडने कार्नाबी स्ट्रीटवरून झालरीचे शर्ट आणि मखमली कोट आणले. त्याच वर्षी ‘आइस इन द सन’ आठव्या क्रमांकावर गेलं आणि मग शांतता. अमेरिकेत तर ती शांतता कायमची ठरली. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत तिथे पुन्हा असं यश नाही. जगभर रॉक करायची भाषा करणाऱ्या या बँडला अमेरिकेने जवळजवळ ओळखच दाखवली नाही, ही त्यांची जुनी सल.

१९७० पर्यंत मखमल विटली. विशीतली पोरं, दोन गाण्यांची पुण्याई, ती पण संपत आलेली. अशात जर्मनीतल्या बिलेफेल्ड गावातल्या एका क्लबात रॉसी आणि पार्फिट बसले होते. ‘द डोअर्स’ या अमेरिकन बँडचं ‘रोडहाउस ब्लूज’ लागलं. एक जोडपं उठून नाचायला लागलं आणि दोघे पाहत राहिले. रॉसीने ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे.

काय पाहिलं असेल त्यांनी? हा ठेका समजायला ओ. पी. नय्यरचा टांगा आठवा. घोड्याच्या टापा समान अंतराने पडत नाहीत. एक लांब, एक आखूड. मात्रेचे तीन तुकडे करा, मधला गिळून टाका, उरतात पहिला आणि तिसरा. डुं…का-डुं…का-डुं. यालाच शफल म्हणतात. आता त्या घोड्याला जरा दारू पाजा, टांग्याला मालगाडीची चाकं लावा आणि आवाज वाढवा. माणूस याच्यावर कमरेतून नाचत नाही, मानेतून नाचतो. त्या रात्री ते जोडपं ज्या गुंगीत गेलं असेल ती गुंगी तासभर टिकवता आली तर? दोघांना एवढं पुरलं.

त्याच वर्षी ‘डाउन द डस्टपाइप’ आलं. त्यात हार्मोनिका वाजवली ती बॉब यंगने, म्हणजे त्यांचं सामान गाडीत चढवणारा, हिशोब ठेवणारा रोड मॅनेजर. गाणं बाराव्या क्रमांकावर गेलं आणि यंग पुढे रॉसीचा गाणी लिहिण्यातला जोडीदार झाला. ‘कॅरोलाइन’ हे बँडचं पेटंट गाणं दोघांनी कॉर्नवॉलमधल्या पेरनपोर्थ गावी हॉटेलच्या जेवणघरात रुमालावर लिहिलं.

बँडचा ऑर्गनवाला रॉय लाइन्स याच सुमारास गेला. कार्यक्रमाला स्कॉटलंडकडे निघालेल्या गाडीतून तो मधेच स्टोक-ऑन-ट्रेंट स्टेशनला उतरला आणि परत आलाच नाही. मला या सगळ्या कथेत हा माणूस उगाचच आवडतो. राजीनामा नाही, भांडण नाही. स्टेशन आलं, उतरला.

ऑर्गन गेल्यावर उरल्या तीन तारवाद्यांच्या तोफा आणि एक ड्रम. मखमली कोट गेले, केस वाढले, आणि रस्त्यावर घालायची जीन्स तीच स्टेजवर आली. पैसे नव्हते हेही खरंच, पण त्या जीन्सने काम केलं. समोरचा पोरगाही तेच कपडे घालून आलेला असे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून, ग्लासगोच्या गोदीतून सुटी झाल्यावर घरी जाऊन कपडे बदलायची गरज नाही, असा हा पहिला मोठा बँड. समीक्षक आर्ट स्कूलमधून आलेले, त्यांना हे कळेना. त्यांनी ‘तीन कॉर्डवाले’ हे बिरुद चिकटवलं ते कायमचं. १९७८ मध्ये एका विडंबनकार बँडने मान खाली घालून वाजवायच्या बिनडोक बुगीवर अख्खं गाणंच काढलं आणि रोख कोणाकडे होता हे कोणाला सांगावं लागलं नाही.

१९७२ ला ते व्हर्टिगो कंपनीकडे गेले आणि वर्षाच्या शेवटी ‘पाइलड्रायव्हर’ हा अल्बम आला. निर्मिती त्यांची स्वतःचीच. त्यात बिलेफेल्डच्या त्या रात्रीचं ऋण फेडल्यासारखं ‘रोडहाउस ब्लूज’ही आहे, लँकेस्टरच्या आवाजात. पाचवा क्रमांक. पुढच्या वर्षीचा ‘हॅलो!’ थेट पहिला. १९७५ चा ‘ऑन द लेव्हल’ पहिला, १९७६ चा ‘ब्लू फॉर यू’ पहिला. जानेवारी १९७५ मध्ये ‘डाउन डाउन’ हे गाणं एक नंबरला गेलं. साठहून अधिक गाणी ब्रिटनच्या यादीत चढवणाऱ्या, त्यांतली बावीस पहिल्या दहांत नेणाऱ्या या बँडचं स्वतःच्या नावावरचं एक नंबरचं गाणं तेवढं एकच.

तीनच कॉर्ड असतात का हो? मोजले तर नसतात. ‘डाउन डाउन’च्या सुरुवातीला गिटार जी चमचमते ती बुगी नाहीच, ठेका बऱ्याच उशिरा शिरतो, आणि शिरतो तेव्हा दार उघडल्यासारखं वाटतं. रॉसीच्या चालींत एव्हर्ली ब्रदर्सची कंट्री गाणी लपलेली असतात, जरा कान दिला तर आइस्क्रीमच्या गाडीची घंटीही ऐकू येईल. बाजू वाटलेल्या होत्या. रॉसी आपल्या हिरव्या टेलिकास्टर गिटारवर बारीक, टोकदार, जरा बुजरी सुरावट विणायचा. पार्फिट जाड तारांवर उजवा हात हातोड्यासारखा चालवायचा. आणि लँकेस्टर बासवर या दोघांच्या तळाशी फरशी बसवायचा. माझं मत विचाराल तर इंजिन पार्फिट. रॉसीचे तुकडे कुणीही हुशार पोरगा बसवेल; पार्फिटसारखं चार मिनिटं न थकता, न पळता, न रेंगाळता वाजवून दाखवा. मी तिसऱ्या मिनिटाला गारद झालो होतो, तेही बसून.

या सगळ्याचा कळस ऐकायचा असेल तर १९७७ चा ‘लाइव्ह!’ ऐकावा. ऑक्टोबर १९७६ मध्ये ग्लासगोच्या अपोलो थिएटरात तीन रात्री ध्वनिमुद्रित केलेला. अपोलोची बाल्कनी प्रेक्षक नाचायला लागले की वरखाली हलायची, म्हणजे शब्दशः हलायची, आणि खाली बसलेले लोक गाण्याबरोबर छताकडेही लक्ष ठेवून असत. त्या रेकॉर्डवर गाण्यांच्या मधल्या जागेत प्रेक्षकांचा जो गजर आहे तो ऐकताना मला दिंडीतल्या पावल्या आठवतात. तुलना जरा ओढून ताणून आहे हे कबूल. पण तास-दीड तास एकच पाऊल टाकल्यावर माणसाचं काय होतं हे वारकऱ्याला समजावून सांगायला नको. तेव्हा ‘तेच तेच वाजवतात’ ही तक्रार करणाऱ्याने ऐकलं कुठे बसून, हा माझा पहिला प्रश्न असतो.

पंक आलं तेव्हा जुने मोठमोठे बँड पोरांनी म्हातारे ठरवून मोडीत काढले. क्वो वाचले. तीन कॉर्डवाल्यांना तीन कॉर्डसाठी शिव्या कशा देणार?

*

बिघाड आतून सुरू झाला होता. १९७७ मध्ये जॉन फोगर्टीचं ‘रॉकिन ऑल ओव्हर द वर्ल्ड’ त्यांनी उचललं. तिसरा क्रमांक, आणि आजही बँडचं नाव घेतलं की लोक आधी हेच गुणगुणतात. म्हणजे ज्या गाण्याने ते घराघरांत ओळखले जातात ते त्यांचं नाहीच. त्या गाण्याची जुनी फिल्म सापडली तर पाहा. रॉसी, पार्फिट, कॉगलन आहेत. बासवर माणसाच्या उंचीचा एक बाहुला. दोऱ्यांनी हलतोय. लँकेस्टर ऑस्ट्रेलियात होता, त्याची बायको तिकडची, तो चित्रणाला आला नव्हता आणि बाकीच्यांनी त्याच्या जागी बाहुला टांगला. तेव्हा सगळे हसले असतील. आज पाहताना हसू येत नाही. बँडच्या दोन संस्थापकांपैकी एकाशिवाय काम चालतं, एवढंच काय ते त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर सिद्ध झालं होतं.

पैसा आला होता, त्याच्यामागून कोकेन आलं. रॉसीने तर आपल्या नाकाच्या आतला पडदाच झिजवून टाकला. एके दिवशी आंघोळ करताना त्याचा तुकडा गळून पडला, हे तो स्वतःच सांगतो, आणि कानकोरणं एका नाकपुडीतून दुसरीत काढून दाखवतो. मुलाखत घेणाऱ्यांची त्या वेळची तोंडं बघण्यासारखी असतात.

पहिली काठी कॉगलनने काढली. १९८१, स्वित्झर्लंडमधलं मॉन्ट्रो. स्टुडिओत रेकॉर्डिंग चाललेलं. तो आला, ड्रमवर बसला, थोडं वाजवून पाहिलं, आणि उठून लाथेने सगळा संच उधळून निघून गेला. वीस वर्षं होत आली होती. त्याच्या जागी पीट कर्चर आला आणि पुढच्याच वर्षीचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी बर्मिंगहॅमला युवराज चार्ल्सच्या हजेरीत धर्मादाय कार्यक्रम झाला. गोदीकामगारांचा बँड आता राजघराण्यात ऊठबस करू लागला.

लँकेस्टर धुमसत होता. त्याला जड, काळपट, अपोलोची बाल्कनी हलवणारं संगीत हवं होतं. रॉसी १९८३ मध्ये ‘मार्गारिटा टाइम’ घेऊन आला. लग्नाच्या स्वागत समारंभात मामा-मावश्या हात धरून डोलतील असलं ते गाणं. लँकेस्टरने ते टीव्हीवर वाजवायला नकार दिला; ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये त्याच्या जागी स्लेड बँडचा जिम ली उभा राहिला. गाणं तिसऱ्या क्रमांकावर गेलं. लँकेस्टरचं चुकलं होतं असं मला वाटत नाही. पण खप रॉसीच्या बाजूने होता.

१९८४ मध्ये त्यांनी ‘एंड ऑफ द रोड’ नावाचा निरोपाचा दौरा काढला, उन्हाळ्यात मिल्टन कीन्सच्या मैदानात शेवटचा प्रयोग केला आणि संपलं म्हणून जाहीर केलं.

वर्षभराने बॉब गेल्डॉफ दारात. इथिओपियातल्या दुष्काळासाठी ‘लाइव्ह एड’ नावाचा कार्यक्रम करतोय, सुरुवात तुम्हीच करायची, कारण ‘रॉकिन ऑल ओव्हर द वर्ल्ड’ हे नावच असं आहे. आम्ही एकत्र वाजवत नाही, तालीम नाही, असं रॉसी सांगून बघत होता. गेल्डॉफला कसं वाजवता याच्याशी कर्तव्य नव्हतं. १३ जुलै १९८५. वेम्बली, दुपारचे बारा. राजघराण्यातली मंडळी येऊन बसली, लष्करी बँडच्या तुताऱ्या वाजल्या, आणि सत्तर हजारांहून जास्त माणसांसमोर पहिला ठेका पडला. रॉकिन ऑल ओव्हर द वर्ल्ड, कॅरोलाइन, डोन्ट वेस्ट माय टाइम. तीन गाणी, पंधरा मिनिटंही नाहीत.

ते चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. सूर्य डोक्यावर, स्टेजच्या दिव्यांचा काही उपयोग नाही, त्यामुळे सगळं शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं उघडं-वाघडं दिसतं. लोकांनी डोक्यावर हात नेऊन टाळ्या धरल्यात. रॉसी हसतोय, पार्फिट हसतोय. लँकेस्टर बास वाजवतोय. यातल्या कोणालाच त्या क्षणी माहीत नसावं, की ज्या दुपारी उरलेलं जग त्यांना पहिल्यांदा बघत होतं, त्याच दुपारी हा बँड मोडत होता. लँकेस्टर क्वोबरोबर पुढची जवळपास अठ्ठावीस वर्षं पुन्हा उभा राहिला नाही.

मग आपल्याकडे तमाशाचा फड फुटतो तसा फड फुटला. रॉसी आणि पार्फिट नव्या माणसांना घेऊन रेकॉर्डिंगला लागले: बासवर जॉन ‘राइनो’ एडवर्ड्स, ड्रमवर जेफ रिच, की-बोर्डवर सत्तरीपासून सोबत असलेला अँडी बाऊन. लँकेस्टर म्हणाला, नाव माझंही आहे, आणि कोर्टात गेला. ‘जैसे थे’ कोणाचं, हे ठरवायला कोर्ट! एखाद्या मराठी पत्रकाराने ही बातमी दिली असती तर मथळा कसा केला असता या विचाराने मला आजही हसू फुटतं. शेवटी तडजोड झाली, नाव रॉसी-पार्फिटकडे राहिलं. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी लागली ती लंडनला. सिडनीला मूळ भागीदार.

कोर्टाच्या आत-बाहेर चालू असतानाच १९८६ मध्ये ‘इन द आर्मी नाऊ’ आलं. पुन्हा दुसऱ्याचं, बोलंड नावाच्या दोन डच भावांचं गाणं. त्यात करंगळीला काही कामच नाही. संथ, ढगाळ, की-बोर्डवर चालणारं. दुसरा क्रमांक, आणि युरोपात तर अफाट खपलं. रशियात आजही क्वो म्हटलं की हेच गाणं, कारण तिथली पोरंही त्या वेळी अफगाणिस्तानातून पेट्यांत परत येत होती. जुने चाहते म्हणाले, हा आमचा बँड नव्हे. नव्या चाहत्यांना आधी काही होतं हेच माहीत नव्हतं. दोघांचंही बरोबर होतं.

या काळातला एक डाग झाकायचं कारण नाही. १९८७ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत वाजवायला गेले. वर्णद्वेषी राजवटीवर कलावंतांनी बहिष्कार घातलेला असताना. दोनच वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या उपाशी माणसांसाठी ज्यांनी पहिली कॉर्ड वाजवली, त्यांनी आफ्रिकेतल्याच गोऱ्यांच्या जुगारनगरीत पैसे घेऊन वाजवावं, याला काय म्हणायचं? राजकारण आम्हाला कळत नाही, आम्ही लोकांना नाचवतो, ही बटलिन्सची शिकवण इथे फार तोकडी पडली.

नव्वदीत ते करमणुकीच्या उद्योगातले मान्यवर झाले आणि तेव्हापासूनचं बरंचसं संगीत मी सहज सोडून देतो. १९९१ मध्ये एका दिवसात शेफील्ड, ग्लासगो, बर्मिंगहॅम आणि वेम्बली अशा चार ठिकाणी वाजवून विक्रम केला. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंना घेऊन फुटबॉलचं गाणं काढलं, ते १९९४ मध्ये एक नंबरवर गेलं, म्हणजे दुसऱ्यांदा त्या जागी पोचायला अकरा फुटबॉलपटू लागले. १९९६ मध्ये बीच बॉइजबरोबरचं त्यांचं गाणं यादीत असूनही बीबीसीचं रेडिओ वन वाजवेना, तर बीबीसीलाच कोर्टात खेचलं आणि हरले. रेडिओला तरुण व्हायचं होतं. ‘जैसे थे’ला कोर्ट काही लाभलं नाही.

२००७ च्या अल्बमला त्यांनी नाव दिलं ‘इन सर्च ऑफ द फोर्थ कॉर्ड’. चौथ्या कॉर्डच्या शोधात. आपल्यावरचा विनोद आपणच विकायचा, याला धंद्याची अक्कल म्हणतात. तीच अक्कल २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात दिसली: कोल्स या सुपरमार्केट साखळीसाठी ‘डाउन डाउन’चे शब्द बदलून भाव कसे उतरले ते गायलं, स्वतः जाहिरातीत उतरले, मोठा लाल पंजा नाचवत. ज्या गाण्याने ते एक नंबरला गेले, ते आता कांदे-बटाट्यांच्या भावाला. आणि दाखवलं कुठे, तर लँकेस्टर राहत होता त्या देशात, रोज संध्याकाळी. भाजी आणायला जात असेल तर त्याने दुकानातही ऐकलं असेल.

आणि तरीही पुढच्या वर्षी तो आला.

मार्च २०१३. रॉसी, पार्फिट, लँकेस्टर, कॉगलन. चाहते ज्यांना ‘फ्रँटिक फोर’ म्हणतात ते चौघे. लँकेस्टरला मल्टिपल स्क्लेरोसिसने ग्रासलेलं, चालणं कष्टाचं. पण त्याने बास खांद्याला लावला आणि जुनी जड गाणी गायली. ‘मार्गारिटा टाइम’ नाही, ‘आर्मी’ नाही. हॅमरस्मिथच्या प्रेक्षागृहात पन्नाशी-साठीतले पुरुष डेनिमच्या बिनबाह्यांच्या जाकिटांत शिरून आले होते; ते जाकीट पोटावर बसत नव्हतं, पण पाठीवरचे बिल्ले शाबूत होते. ज्या चित्रफिती निघाल्या त्यांत वाजवणं ओबडधोबड आहे. कॉगलनचा ठेका मधेच जड होतो, लँकेस्टरचा आवाज फाटतो. पण सत्तरच्या दशकातला तो राकट खालचा आवाज, जो पुढच्या सफाईदार बँडला कधीच जमला नाही, तो चारजण एकत्र उभे राहताच कुठून तरी आला. पुढच्या वर्षी पुन्हा थोडे प्रयोग झाले, शेवटचा डब्लिनला, एप्रिल २०१४. रॉसीला हे प्रकरण फारसं मानवलं नाही, त्याने ते लपवलंही नाही. त्याला मागे वळून बघण्यात रस नव्हता. त्याच वर्षी त्याने क्वोची गाणी विजेशिवाय, साध्या गिटारींवर वाजवून अल्बम काढला, मुखपृष्ठावर रॉसी आणि पार्फिट गिटारीआड उघडे. फोटो ब्रायन ॲडम्सने काढला. पाचवा क्रमांक.

पार्फिटचं हृदय १९९७ मध्येच चौपदरी बायपासपर्यंत पोचलं होतं. सिगरेट, दारू, वेगवान गाड्या. हॉलिडे कॅम्पातल्या गोंडस मुलाने रॉकस्टार होणं फार मनावर घेतलं होतं. जून २०१६ मध्ये तुर्कस्तानात अंताल्याला कार्यक्रम झाल्यावर त्याचं हृदय बंद पडलं. वाचवलं, पण दौऱ्यावर तो परतला नाही. त्याच्याविना बँड फिरत राहिला. दौऱ्याचं नाव होतं ‘लास्ट नाइट ऑफ द इलेक्ट्रिक्स’, म्हणजे विजेच्या गिटारी आता कायमच्या ठेवणार. २४ डिसेंबर २०१६ रोजी स्पेनमधल्या इस्पितळात पार्फिट गेला. वय ६८.

संपेल असं वाटलं होतं. पण १९८४ चा ‘एंड ऑफ द रोड’ जसा रस्त्याचा शेवट ठरला नव्हता, तसंच हे. विजेच्या गिटारी पुन्हा निघाल्या. २०१९ मध्ये ‘बॅकबोन’ हा नवा अल्बम आला आणि सहाव्या क्रमांकावर गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये लँकेस्टर सिडनीत वारला. शाळेच्या वाद्यवृंदातल्या दोघांपैकी आता एकटा रॉसी उरला. २०२४ च्या उन्हाळ्यातही तो पंचाहत्तरीत दौऱ्यावर होता, आणि तासाभराने ‘रॉकिन ऑल ओव्हर द वर्ल्ड’ यायचंच.

पार्फिटच्या जागी उभा राहिला तो रिची मलोन, आयर्लंडचा. बाप क्वोचा भक्त, त्याचं बोट धरून हा कार्यक्रमांना जायला लागला आणि पुढे स्वतःच पुढच्या रांगेत दिसायला लागला. रॉसी त्याला ओळखायचा तो समोरच्या गर्दीतला एक चेहरा म्हणून. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात निरोप गेला आणि तो गर्दीतून स्टेजवर आला. त्याचा उजवा हात बघा. खालच्या दिशेने, फक्त खाली, न थकता, न पळता. पार्फिटचा आहे असं म्हणवत नाही. शिकवलेला नाही, पाठ केलेला आहे.

रॉसीची ती हिरवी टेलिकास्टर १९५७ ची. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याने घेतली, हिरवा रंग त्यानेच दिला. पुढे जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डवर, प्रत्येक स्टेजवर तीच होती. पार्फिट असतानाच एके वर्षी तिच्या लाकडाने सूर धरायचं सोडलं. पिळून लावलेली तार गाणं संपेपर्यंत उतरायची. तेव्हा रॉसीने ती बाजूला ठेवली आणि दुसरी गिटार घेतली. रंग हिरवाच.